किटलीवरचा हात

कुणाच्याही घरात शिरलं की युनिस कीपिंग आधी किटलीवर हात ठेवायची. मग कोट काढायची, मग 'कसं काय' विचारायची. अठ्ठावीस वर्षं हे रोज चाललं होतं. दिवसाला चार-पाच घरं, म्हणजे चार-पाच किटल्या. बघणाऱ्याला वाटायचं, बाई गारठून आली आहे, हात शेकते आहे. हॅरीज टिकल या उत्तरेकडच्या मासेमारांच्या वस्तीत हात शेकायला वर्षातले आठ महिने काही कारण लागत नाही, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नाही. किटली चटका बसेल इतकी गरम असली, तर घरातलं माणूस उठलंय, चूल पेटलीय, चहा झालाय. कोमट असली, तर दोन प्रश्न जास्तीचे. आणि गार असली, तर युनिस खुर्ची ओढून नेहमीपेक्षा बराच वेळ बसायची.

दार वाजवायची तिथे रीत नाही. मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात यायचं. पुढच्या दारावर थाप पडली तर समजायचं, परका माणूस आहे, नाहीतर पाद्री वाईट बातमी घेऊन आलाय. युनिस सरकारी बाई असूनही मागच्या दाराने येत असे. हा मान तिला नोकरीने दिला नव्हता. तिच्या बापाची होडी याच धक्क्याला लागायची आणि तिची आई याच खडकांवर कॉड मासळी सुकवायची, म्हणून तो तिला मिळाला होता.

सतराव्या वर्षी ती मासळीच्या कारखान्यात लागली. नऊ वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून तिने मासे कापले. काटा राहिलाय का, हे तिथे डोळ्यांनी बघायला वेळ नसे. बोट फिरवायचं आणि कळायचं. ती सव्वीस वर्षांची असताना सरकारने कॉड पकडणं बंद केलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. तिच्या बरोबरच्या बायका नवऱ्यांच्या मागे, तेलाच्या कामासाठी, दूर अल्बर्टाला गेल्या. युनिस सेंट जॉन्स शहरात कॉलेजात जाऊन बसली, वर्गातल्या मुलांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, आणि सोशल वर्कर होऊन परत आली. किनाऱ्यावरच्या सात वस्त्यांमधली म्हातारी माणसं तिच्या वाट्याला आली. कोण घरी एकटं राहू शकतं, कुणाला मदतनीस बाईचे किती तास द्यायचे, कुणाला गावातल्या वृद्धाश्रमात हलवायचं, हे तिच्या अहवालावर ठरायचं. कारखान्याने तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक, हाताने बघायची सवय. दुसरी, दुखरी मनगटं.

मनगटांचं दुखणं अहवाल लिहिताना वर यायचं. घराघरांतून पाहिलेलं सगळं ती गाडीत बसून वहीत टिपायची आणि रविवारी, चर्च आटोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइप करायची. दर पानाला थांबायचं, हात गरम पाण्यात बुडवायचे, परत बसायचं. तिचा नवरा क्लॅर तोवर स्वतःच खारवलेलं बीफ आणि कोबी शिजायला लावून द्यायचा आणि म्हणायचा, की म्हाताऱ्यांच्या पायांवर एवढं लिहितेस, एखादं पान माझ्याही पायांवर लिही, तेही दुखतात.

तिच्या वहीत लोकांचं बोलणं फार नसायचं. 'किटली गार. राख जुनी. पावाला बुरा. एकाच कुशीवरचं अंथरूण चुरगळलेलं.' असंच सगळं. बोलणं लिहून उपयोग नव्हता, कारण हॅरीज टिकलमध्ये 'कसं काय' या प्रश्नाला एकच उत्तर आहे: झ्याक. क्लॅरचा आजा एकदा बर्फात पाय मोडून चार तास पडला होता. उचलायला गेलेल्यांना त्याने आधी 'झ्याक' सांगितलं आणि मग पायाचं सांगितलं. दुखणं बोलून दाखवणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात ओझं टाकणं. आणि दुसऱ्याचं दुखणं त्याच्या तोंडावर बोलणं म्हणजे तर त्याला उघडं पाडणं. दोन्ही असभ्यपणाच. युनिस हे आईच्या मांडीवर शिकली होती. म्हणून ती बघायची, गप्प बसायची आणि गाडीत जाऊन लिहायची.

मग एका सप्टेंबरमध्ये खात्याने सगळ्यांच्या फोनवर ते नवं यंत्र घालून दिलं. घरी गेल्यावर परवानगी विचारायची, फोन टेबलावर ठेवायचा आणि गप्पा मारायच्या. फोन ऐकतो, आणि तुम्ही गाडीपर्यंत पोचेस्तोवर अहवाल तयार. कोणाची भाषा कितीही जाडीभरडी असो, कागदावर ती इस्त्री होऊन येते. युनिसची साहेब क्रिस्टल पार्डी हिने ते शिकवलं. क्रिस्टल चौतीस वर्षांची. तिची आई कारखान्यात युनिसच्या शेजारी उभी राहून मासे कापायची, त्यामुळे साहेब असूनही ती युनिसला मावशी म्हणे. तिला वाटलं होतं, मावशी कुरकुर करेल. मावशीने फोन फिरवून फिरवून पाहिला आणि एवढंच विचारलं, की हे वीस वर्षांपूर्वी कुठे शेण खात होतं?

पहिले दोन महिने सुखाचे गेले. युनिसला रविवार परत मिळाला. मनगटांची सूज उतरली. घराघरांत गमती झाल्या. ब्लांचमावशी फोन दिसला की केस विंचरून यायच्या आणि प्रार्थना म्हणायच्या आवाजात बोलायच्या. एका म्हाताऱ्याने फोनपुढेही चहाचा कप ठेवला, पाहुण्याला वगळायचं कसं म्हणून. युनिस हसत हसत घरोघर फिरत होती.

नोव्हेंबरमध्ये ती गार्लंड स्नूककडे गेली.

गार्लंडकाका चौऱ्याऐंशीचे. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. बायको मर्टल तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा अल्बर्टात तेलाच्या खाणीवर. रोज सकाळी रोडा नावाची मदतनीस तासभर येऊन चूल पेटवायची, खिमट करून द्यायची आणि जायची. पुढचा दिवस काकांचा. खिडकीशी बसून बंदरातली कोणती होडी कधी गेली, कधी आली, हे ते बघत. वर्षातून एकदा या मदतीची फेरतपासणी व्हायची. युनिसने आत येऊन किटलीवर हात ठेवला. त्या दिवशी रोडाची सुट्टी होती आणि किटली गार होती. मग नेहमीचे प्रश्न झाले. जेवण? झ्याक. झोप? झ्याक. चूल पेटवता येते का? "पोरी, तू जन्मायच्या आधीपासून पेटवतोय." पाय? झ्याक, बाय, झ्याक.

गाडीत बसून तिने अहवाल वाचला. एकही वाक्य खोटं नव्हतं. काका म्हणाले ते सगळं त्यात होतं, नीटनेटकं, मथळ्यांखाली. स्वयंपाक स्वतः करतात. झोप उत्तम. चूल स्वतः पेटवतात. तक्रार नाही. खिडकीतून धुकं उतरताना दिसत होतं आणि अजून दोन घरं बाकी होती. तिने सही केली. किटली गार होती हे तिच्या तळहाताला माहीत होतं. फोनला कुणी सांगितलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी रोडाचा फोन आला. काकांच्या सात सकाळींतल्या पाच कापल्या होत्या. सोमवार आणि गुरुवार तेवढे राहिले. कागद दूरच्या कचेरीत ज्याने वाचला, त्याने कागदावर होतं ते वाचलं. आता रोडा गुरुवारी गेली तेव्हा काका कोट घालून अंथरुणात बसलेले होते आणि घरात श्वास दिसत होता. मुलाला कळलं. त्याने तिकडूनच ठरवलं, की गावातल्या वृद्धाश्रमात खाट रिकामी झालीय ती घ्यायची. दहा दिवसांत होकार कळवायचा होता. फेरतपासणी करायची तर त्याच दहा दिवसांत. वृद्धाश्रमातून बंदर दिसत नाही. खिडक्या गाड्या लावायच्या जागेकडे उघडतात.

युनिस कचेरीत गेली तेव्हा क्रिस्टलला वाटलं, मावशी आता फोन टेबलावर आपटणार. युनिसने कोटही काढला नाही. माझी सही आहे, चूक माझी, असं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. क्रिस्टल तिची समजूत घालायला लागली. यंत्राची मर्यादा असते, म्हणाली. या एका घराचा अहवाल हाताने लिही, जुन्या पद्धतीने, मी चालवून घेईन.

"त्याने काय होणार?" युनिस म्हणाली. "काकांचं एकट्याचं हाताने लिहिलं, तरी उद्या ब्लांचमावशींचंही असंच होणार. त्या यंत्राचं काही चुकलं नाही गं. त्याने ऐकलं ते लिहिलं. आपल्याकडे कुणी काही बोलतच नाही, त्याला ते काय करणार? आणि मी तरी कुठे बोलले? अठ्ठावीस वर्षं माणसांच्या पाठीमागे लिहितेय."

"मग आता तोंडावर बोलणार?" क्रिस्टलने विचारलं. "गार्लंड स्नूकच्या? घराबाहेर काढतील तुला."

"काढू देत. मागच्या दारानेच काढतील."

घरी जाऊन तिने क्लॅरला सांगितलं. क्लॅर बराच वेळ पावाला लोणी लावत राहिला. मग म्हणाला, की बूट काढू नकोस आत गेल्यावर, पळावं लागलं तर बरं.

बुधवार निवडला तिने, रोडा नसलेला दिवस. काका खिडकीशी बसले होते, अंगात कोट, पायात नुसते मोजे. तिने विचारलं, फोनने ऐकलं तर चालेल का.

"मागच्या वेळी ऐकलंच की त्याने," काका म्हणाले. "मग त्याला काय कळलं?"

"मागच्या वेळी मी गप्प बसले होते. आज बसणार नाही. चालेल का ते सांगा."

काकांनी हात हलवला, काय करायचं ते कर असा. युनिसने फोन टेबलावर ठेवला आणि किटलीवर हात ठेवला.

"किटली गार आहे," ती मोठ्याने म्हणाली.

तिच्या स्वतःच्या आवाजाने तीच दचकली. काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, जमिनीवर थुंकणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"चुलीत राख आहे. जुनी, बसलेली. लाकडं सगळी बाहेर आहेत, घरात एकही नाही. काकांनी घरात कोट घातलाय आणि पायात बूट नाहीत."

"हेच शिकवलं का तुझ्या आईने? लोकांच्या घरात येऊन उणंदुणं काढायला?"

"आईने गप्प बसायला शिकवलं होतं, काका. गप्प बसून मी तुमच्या पाच सकाळी घालवल्या."

काकांनी परत खिडकीकडे तोंड केलं. युनिसचे कान तापले होते. आता निघून जावं, असं तिला वाटून गेलं. पण ती पावाच्या डब्याकडे गेली. झाकण उघडलं. पाव कडक झालेला, एकच तुकडा मोडलेला. परवाचा पाव आहे, असं ती म्हणाली.

"परवाचा नाही, गेल्या गुरुवारचा," खिडकीकडूनच आवाज आला. "लिहायचंच तर नीट लिही."

युनिसने डब्याचं झाकण लावलं. थोड्या वेळाने काका उठले. टेबलाच्या कडेला धरून, मग खुर्चीच्या पाठीला धरून ते आले. फोन उचलला. समुद्रावर वायरलेस धरतात तसा, तोंडापासून चार बोटं दूर आणि जरा तिरका धरला. पन्नास वर्षांची सवय होती ती. आणि वायरलेसवर कुणी झ्याक म्हणत नाही. तिथे माणूस कुठे आहे ते सांगतो, होडीत पाणी किती आलंय ते सांगतो, काय पाहिजे ते सांगतो, कारण ऐकणाऱ्याला दुसरं काही दिसत नसतं.

"गार्लंड स्नूक, हॅरीज टिकल," काका म्हणाले. आवाज बदलला होता, सपाट आणि स्पष्ट. "एकटाच आहे. पलंगापासून चुलीपर्यंत अकरा पावलं. सकाळी गुडघे धड नसतात, सातव्या पावलाला थांबतात. लाकडं आणायला बाहेर तीन पायऱ्या, त्या होत नाहीत. चूल कुणी पेटवून दिली, की गुडघे मोकळे होतात, पुढचा दिवस मी काढतो. जेवण करतो, भांडी करतो. सकाळी एक माणूस पाहिजे. रोज. खाट नको. ओव्हर."

फोन खाली ठेवून ते खुर्चीत बसले. दम लागला होता. एवढं ते मर्टलशीही एका दमात बोलले नसतील.

युनिसने लाकडं आत आणली आणि चूल पेटवली. किटली उकळेपर्यंत अहवाल तयार झाला होता. आजवर तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं: तिथेच बसून, ज्याचा अहवाल त्यालाच वाचून दाखवला. काका डोळे मिटून ऐकत होते. 'घरातील उष्णता अपुरी' इथे त्यांनी थांबवलं. म्हणजे काय, म्हणून विचारलं. किटली गार, असं युनिसने सांगितलं. मग तसंच लिही की, काका म्हणाले, तो कचेरीतला चहा पीत असेल ना? तिने बोटाने बदललं. मधे मांजर ओरडलं होतं, तेही फोनने ऐकलं होतं; पुढे 'घरात एक मांजर पाळले आहे' असं आलं. मांजर रोडाचं आहे, आपलं त्याच्याशी काही देणंघेणं नाही, एवढंही त्यांनी दुरुस्त करून घेतलं. मांजर त्यांच्याच मोज्यांवर झोपलं होतं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. सातही सकाळी परत मिळाल्या. वृद्धाश्रमातली खाट दुसऱ्या कुणाला गेली. काकांनी मुलाला फोन करून सांगितलं म्हणे, की मी सरकारशी बोललो.

त्यानंतर युनिस सगळ्याच घरांत मोठ्याने बोलू लागली. सोपं नव्हतं. एका बाईने तिला दीड महिना चहा विचारला नाही, आणि त्या किनाऱ्यावर याहून मोठी शिक्षा नाही. पण निघण्याआधी अहवाल वाचून दाखवायचा, हे तिने सोडलं नाही, आणि हळूहळू माणसं तिचं ऐकून स्वतःच दुरुस्त्या सुचवू लागली. ब्लांचमावशी प्रार्थनेच्याच आवाजात सांगायच्या, "लिही, डावा पाय सुजलाय. उजवा पण, पण त्याचं एवढं काही नाही." मर्टलचा भाऊ फोनला हवामान आधी सांगायचा आणि दुखणं मग. क्रिस्टलने बाकीच्या सोशल वर्करना युनिसबरोबर एकेक दिवस फिरायला लावलं. त्या वहीत काही लिहून घ्यायला लागल्या की युनिस म्हणायची, लिहू नका, बोला. मनगटं एवढीच मिळतात आयुष्यात.

फोनबद्दल तिचं मत शेवटपर्यंत चांगलं होतं. ते कान आहेत, हात नाहीत, एवढंच ती म्हणे. आणि हात माझे आहेतच की. दर रविवारी कोबी शिजवायचं काम क्लॅरने आता तिच्याच गळ्यात घातलं होतं.

साठाव्या वर्षी, मे महिन्यात, ती निवृत्त झाली. कचेरीत केक झाला. क्रिस्टलने तिची जुनी वही काचेत घालून भिंतीवर लावायची म्हणून मागितली. युनिसने दिली नाही, चुलीत घातली. त्यात लोकांच्या पाठीमागचं लिहिलंय, म्हणाली.

शेवटच्या दिवशी तिच्या यादीत एकच घर होतं. धक्क्यावर खेकड्यांच्या होड्या लागत होत्या. गाडी चर्चजवळ ठेवून ती चालत खाली गेली, मागच्या दाराने आत शिरली. रोडा नुकतीच गेली असावी. मांजर दाराशी बसलं होतं. काका खिडकीशीच होते. त्यांनी न वळता सांगितलं, की चार होड्या आल्या, पाचवी अजून बाहेर आहे, आणि आज यंत्र काढू नकोस, आज काही बिघडलेलं नाही.

युनिसने किटलीवर हात ठेवला आणि लगेच उचलून घेतला. बोटं झटकली. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, फडताळातून दोन कप काढले आणि म्हणाली,

"काका, डब्यातलं दूध आहे का, की तेही मांजराला घातलंत?"